उघडे दार क्रमांक २०२५६ : अमेरिकेच्या पाण्याची राखण कोणाकडे?

२५ नोव्हेंबर २०२३ रोजी शनिवार होता. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीमुळे अमेरिकेतील बहुतेक सरकारी कार्यालये बंद होती. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर काउंटीत, ओहायो नदीच्या काठी वसलेल्या अलिक्विपा या छोट्या गावच्या पाणीपुरवठा प्राधिकरणात मात्र त्या दिवशी धोक्याची सूचना वाजली. रॅकून आणि पॉटर या शेजारच्या दोन टाउनशिपकडे जाणाऱ्या पाण्याचा दाब राखणाऱ्या एका बूस्टर पंप केंद्रातील नियंत्रक यंत्र बंद पडले होते. त्याच्या पडद्यावर इस्रायलविरोधी संदेश झळकत होता आणि खाली 'सायबरॲव्हेंजर्स' या गटाचे नाव होते. कर्मचाऱ्यांनी स्वयंचलित यंत्रणा बाजूला ठेवून पंप हाताने चालवण्यास सुरुवात केली. कोणाच्या घरचे पाणी तुटले नाही, पाण्याच्या शुद्धतेला धक्का लागला नाही. तरीही आठवडाभरात या गावाचे नाव वॉशिंग्टनमधील सुरक्षा यंत्रणांच्या तोंडी होते.

सुट्टी उरकून कामावर परतलेल्या संगणक तज्ज्ञांना खरा धक्का बसला तो पुढे आलेल्या तपशिलाने. यात अद्भुत असे काहीच नव्हते. कोणी नवी त्रुटी शोधून काढली नव्हती की महिनोन्महिने पाळत ठेवली नव्हती. पंप केंद्रातील नियंत्रक 'युनिट्रॉनिक्स' या इस्रायली कंपनीचा होता. या कंपनीचे नियंत्रक टीसीपी २०२५६ या पोर्टवर बाहेरच्या जगाशी बोलतात, आणि कारखान्यातून येताना त्यांचा पासवर्ड असतो १, १, १, १. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा व पायाभूत सुविधा सुरक्षा संस्थेने, म्हणजे 'सिसा'ने, एफबीआय व इतर यंत्रणांसह १ डिसेंबर २०२३ रोजी काढलेल्या संयुक्त सूचनेत हेच दोन मुद्दे ठळकपणे मांडले. यंत्रे थेट इंटरनेटवर उघडी होती आणि त्यांचे पासवर्ड एकतर मुळातले होते किंवा ठेवलेलेच नव्हते. पुढील मोजणीनुसार या मोहिमेत किमान ७५ यंत्रे हल्लेखोरांच्या हाती गेली. त्यांपैकी किमान ३४ अमेरिकेतील पाणी व सांडपाणी क्षेत्रातील होती. त्याच सुमारास आयर्लंडच्या मेयो काउंटीत एका ग्रामीण पाणी योजनेतील अशाच यंत्रावर हल्ला झाला आणि दीडशेहून अधिक कुटुंबांना दोन दिवस पाण्याविना काढावे लागले.

इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डशी या गटाचा संबंध असल्याचे अमेरिकेने जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा इराणी अधिकाऱ्यांवर निर्बंध लादले. हल्लेखोर कोण, या प्रश्नाला उत्तर मिळाले. दार उघडे का होते आणि ते बंद करणे कोणाचे काम होते, हा प्रश्न मात्र आजही अनुत्तरित आहे. दार बसवणारा एक, वापरणारा दुसरा, बाहेरून ते उघडे दिसते असे सांगू शकणारा तिसरा. आणि कडी लावण्याची सक्ती करण्याचा अधिकार नक्की कोणाचा, यावर न्यायालयात वाद. ज्या देशाने ही दारे आणि त्यांचे क्रमांक जगाला दिले, त्याच देशातील ही स्थिती आहे.

विश्वासावर उभी राहिलेली व्यवस्था

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. परंतु एकाच यंत्रावर अनेक सेवा चालू असतात. आलेला निरोप त्यांपैकी कोणासाठी आहे हे ठरवण्यासाठी पत्त्याच्या जोडीला आणखी एक क्रमांक लागतो. गिरगावातील चाळीचा पत्ता पाकिटावर असला तरी खोली क्रमांक नसेल तर पोस्टमन अंगणातच थबकतो, तसेच हे आहे. पोर्ट म्हणजे तो खोली क्रमांक. सोळा द्विमान अंकांत मावणाऱ्या या क्रमांकांची मर्यादा ० ते ६५५३५ अशी आहे. त्यांतील १०२३ पर्यंतचे क्रमांक सर्वज्ञात सेवांसाठी राखलेले, १०२४ ते ४९१५१ नोंदणीसाठी खुले आणि त्यापुढचे तात्पुरत्या वापराचे, अशी वाटणी आहे.

ही वाटणी कोणत्याही कायद्याने झालेली नाही. १९७२ साली, अर्पानेटवर मोजकीच केंद्रे असताना, लॉस एंजेलिस येथील विद्यार्थी जॉन पोस्टेल यांनी एका टिपणातून सुचवले की हे क्रमांक देण्याचे काम एका व्यक्तीकडे असावे; आणि ती व्यक्ती आपण असू, असेही त्यांनी अर्धवट विनोदाने सुचवले होते. पुढे अडीच दशके, १९९८ मधील त्यांच्या निधनापर्यंत, या क्रमांकांची वही प्रामुख्याने त्यांच्या आणि त्यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांच्या हाती होती. फाइल पाठवण्यासाठी २१, दूरच्या यंत्रावर काम करणाऱ्या टेलनेटला २३, टपालाच्या एसएमटीपीला २५, नावांचे पत्त्यांत रूपांतर करणाऱ्या डीएनएसला ५३, वेब पानांच्या एचटीटीपीला ८० आणि तिच्याच कूटबद्ध रूपाला, म्हणजे एचटीटीपीएसला ४४३, असे क्रमांक एकामागून एक ठरत गेले.

कामाची रीत किती साधी होती याचे उदाहरण म्हणजे पोर्ट २२. हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील तातू यिलोनेन यांनी १९९५ मध्ये टेलनेटला सुरक्षित पर्याय म्हणून एसएसएच तयार केले. २१ आणि २३ यांच्या मधला क्रमांक मोकळा दिसला, म्हणून त्यांनी तो ईमेलने मागितला. दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांचे उत्तर आले आणि २२ क्रमांक त्यांच्या नावे झाला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हरांची देखभाल ज्या दारातून होते, ते असे एका दिवसात, शिफारशीविना आणि शुल्काविना मिळाले.

त्या काळात जाळ्यावरचे सगळे एकमेकांना ओळखत होते. म्हणूनच टेलनेट आपला पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवते. कारखान्यांतील यंत्रांसाठी १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने बनवलेल्या मॉडबस या प्रोटोकॉलमध्ये तर समोरचा कोण, हे विचारण्याची सोयच नाही. ज्याने झडप उघडण्याचा आदेश दिला, त्याचा आदेश पाळला जातो. कारखान्याच्या चार भिंतींत, एका तारेवर बोलणाऱ्या यंत्रांसाठी ते पुरेसे होते. पुढे तोच मॉडबस इंटरनेटच्या प्रोटोकॉलवर चढवला गेला, त्याला ५०२ हे पोर्ट मिळाले, आणि भिंतींच्या आतला विश्वास भिंतींबाहेर आला.

उघडे दार आणि बेवारस दार

पोर्ट उघडे असणे हा गुन्हा नव्हे. ४४३ बंद असलेले बँकेचे संकेतस्थळ कोणाच्याच उपयोगाचे नाही. उघड्या दारामागे कोण बसले आहे, तो येणाऱ्याची ओळख विचारतो का, आणि ते दार सगळ्या जगाकडे तोंड करून असण्याची गरज आहे का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. अलिक्विपाच्या पंपाला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल होती. पाण्याचा दाब किती आहे हे विचारण्याचा अधिकार बीव्हर काउंटीबाहेरच्या कोणालाही असण्याचे कारण नव्हते.

पूर्वी असे दार उघडे असले तरी ते सापडणे अवघड असे. ती आडोशाची सोय आता संपली आहे. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 'झेडमॅप' हे साधन प्रसिद्ध केले. साधारण ताकदीच्या एकाच संगणकावरून, चांगल्या जोडणीवर, इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील सर्व पत्त्यांवर एखादे पोर्ट उघडे आहे का हे पाऊण तासाच्या आत पाहता येते, असे त्यांनी दाखवून दिले. हे पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. 'शोडान'सारखी शोधयंत्रे तर २००९ पासून अशी उघडी दारे नोंदवून ठेवतात आणि शोधणाऱ्यास यादी देतात. हल्लेखोरांना अलिक्विपा हे नाव ठाऊक असण्याची गरजच नव्हती. त्यांना फक्त २०२५६ हा क्रमांक ठाऊक होता. एका जागतिक यादीतील एक ओळ, एवढेच त्या गावाचे त्या दिवशीचे महत्त्व होते.

छोट्या गावांनी आपल्या बचावासाठी आजवर मनात बाळगलेला आधार, म्हणजे 'आमच्याकडे कोण कशाला येईल', तो यामुळे कोसळला. पोर्टचा क्रमांक बदलून ठेवा, हा सिसाच्या सूचनेतील एक सल्ला होता. पण तो गर्दी टाळण्यापुरता. खोलीची पाटी बदलल्याने कुलूप बसत नाही. उरलेला सल्ला अधिक मोलाचा होता: यंत्र इंटरनेटवरून काढा, दुरून काम करणे अटळ असेल तर पुढे फायरवॉल आणि व्हीपीएन ठेवा, दुहेरी ओळख-पडताळणी लावा, पासवर्ड बदला. यांतील एकही गोष्ट नवी नाही.

पस्तीस वर्षांची उजळणी

अलिक्विपापासून वीसेक मैलांवर पिट्सबर्ग आहे. तेथील कार्नेगी मेलन विद्यापीठात नोव्हेंबर १९८८ मध्ये जगातील पहिले संगणक आपत्ती प्रतिसाद केंद्र, 'सर्ट', स्थापन झाले. त्याला निमित्त झाले होते त्याच महिन्याच्या २ तारखेला सुटलेल्या मॉरिस वर्मचे. कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने लिहिलेला तो प्रोग्राम टपालाच्या आणि 'फिंगर' या सेवेच्या दारांतून, म्हणजे २५ आणि ७९ या पोर्टांतून, यंत्रायंत्रांत शिरला होता. तेव्हाच्या अंदाजानुसार जाळ्यावरच्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी दहा टक्के त्याने आजारी पाडली. अनावश्यक सेवा बंद ठेवा, पासवर्ड बदला, हा उपदेश तेव्हापासूनचा आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याची पुन्हा आठवण झाली. 'मिराई' या प्रोग्रामने टेलनेटची २३ आणि २३२३ ही पोर्टे ठोठावत, कारखान्यात ठरलेल्या साठेक नावा-पासवर्डांच्या जोड्या वापरून, घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या फौजेने २१ ऑक्टोबरला न्यू हॅम्पशायरमधील 'डिन' या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे तासन्‌तास दिसेनाशी झाली. मूळ कर्ते तीन तरुण होते. त्यांच्यापैकी एक न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात शिकत होता. आपल्याच विद्यापीठाचे जाळे वारंवार पाडल्याचा गुन्हाही त्याने पुढे कबूल केला.

आणि २०१७ मध्ये हे लोण मराठी मुलखापर्यंत पोहोचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तयार केलेले आणि तेथून फुटलेले एक शस्त्र विंडोजमधील फाइल वाटपाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे पोर्ट ४४५ वर, चालत असे. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये त्यावरचा उपाय दिला होता. मेमध्ये 'वॉनाक्राय' आले आणि २७ जूनला 'नॉटपेट्या'. त्याने युक्रेनपासून सुरुवात करून न्यू जर्सीतील मर्क या औषध कंपनीला गाठले, डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले, आणि मर्स्कशी संबंधित कंपनीकडे असलेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. कंटेनर हातांनी नोंदवण्याची वेळ आली, ट्रकांच्या रांगा लागल्या. इंग्रजीत जहाजांच्या बंदराला आणि संगणकाच्या दाराला एकच शब्द आहे. त्या आठवड्यात उरणच्या रस्त्यावर खोळंबलेल्या ट्रकचालकांना दोन्ही अर्थांची झळ एकदमच बसली. व्हाइट हाउसने या हल्ल्याचे जगभरचे नुकसान १० अब्ज डॉलरच्या घरातले मानले होते.

या सर्व घटनांत तांत्रिक उपाय हल्ल्याच्या आधीपासून उपलब्ध होता. उणीव होती ती तो लागू करणे कोणाचे बंधन आहे, याच्या उत्तराची.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

अलिक्विपाच्या घटनेतील सर्वांत बोलका भाग पंप केंद्रात घडलेलाच नाही. तो त्याआधीच्या आठ महिन्यांत वॉशिंग्टन आणि सेंट लुईस येथे घडला.

३ मार्च २०२३ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, राज्यांना एक परिपत्रक पाठवले. पाणी योजनांची जी नियतकालिक स्वच्छता तपासणी राज्ये करतात, तीत यापुढे संगणकीय सुरक्षेचीही तपासणी करावी, असा त्याचा आशय होता. मिझुरी, आर्कान्सास आणि आयोवा या राज्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन आणि नॅशनल रूरल वॉटर असोसिएशन या दोन्ही मोठ्या संघटना त्यांच्या बाजूने उतरल्या. जुलैमध्ये आठव्या सर्किट न्यायालयाने परिपत्रकाला स्थगिती दिली आणि ऑक्टोबरमध्ये ईपीएने ते मागे घेतले. त्यानंतर सहा-सात आठवड्यांतच अलिक्विपाच्या पडद्यावर तो संदेश झळकला.

येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. राज्यांनी अडवले नसते तर हल्ला टळला असता, असे म्हणता येणार नाही. तपासणीचे चक्र काही वर्षांचे असते आणि अलिक्विपाची पाळी कधी आली असती हे सांगणे अशक्य आहे. शिवाय आक्षेप घेणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. नवे बंधन घालायचे तर कायद्यानुसार मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ईपीएने जुन्या नियमाचा नवा अर्थ लावून ती पायरी ओलांडली, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दुसरा मुद्दा माणसांचा. स्वच्छता तपासनीस विहिरीची, क्लोरीनची, टाकीच्या झाकणाची पाहणी करण्यात वाकबगार. फायरवॉलचे नियम वाचणे हा त्याचा पेशा नाही. अमेरिकेत रहिवाशांना वर्षभर पाणी पुरवणाऱ्या योजनांची संख्या सुमारे ५०,००० आहे आणि त्यांतील फार मोठा भाग काही हजार लोकवस्तीच्या गावांचा आहे. अनेक ठिकाणी पंप, पावत्या आणि फुटलेली जलवाहिनी अशी सगळी कामे दोन-तीन माणसेच पाहतात. रात्री-बेरात्री वीस मैल गाडी हाकण्यापेक्षा टाकीची पातळी घरून पाहता यावी, म्हणून एखादा ठेकेदार मोडेम जोडून देतो. त्या क्षणी एक दार उघडते. ते उघडल्याची नोंद मात्र बहुधा कोणाच्याही वहीत होत नाही.

पण आक्षेप खरे असले तरी त्यांतून निर्माण झालेली पोकळीही खरीच आहे. वीज वहनाच्या क्षेत्राला अनेक वर्षांपासून सायबर सुरक्षेची बंधनकारक मानके आहेत आणि त्यांच्या उल्लंघनाला दंड आहे. मे २०२१ मधील कोलोनियल पाइपलाइनच्या प्रकरणानंतर तेलवाहिन्यांनाही काही आठवड्यांत आदेश निघाले. पाण्याच्या वाट्याला मात्र २०१८ चा एक कायदा आला. ३,३०० हून अधिक लोकांना पाणी पुरवणाऱ्या योजनांनी दर पाच वर्षांनी जोखमीचा आढावा घ्यावा आणि तो घेतल्याचे ईपीएला कळवावे, असे तो सांगतो. आढाव्यात आढळलेले दार बंद केले की नाही, हे पाहण्याची तरतूद त्यात नाही. तेवढेही घडत नाही, हे मे २०२४ मध्ये उघड झाले. सप्टेंबर २०२३ पासून तपासलेल्या योजनांपैकी ७० टक्क्यांहून अधिक योजनांनी या कायद्यातील मूलभूत अटींचा भंग केल्याचे ईपीएनेच जाहीर केले. काही ठिकाणी कारखान्यातले पासवर्ड तसेच होते.

त्याच वर्षी जानेवारीत टेक्सासमधील म्युलशू या छोट्या गावात पाण्याची टाकी काही काळ भरून वाहत राहिली. रशियाचे समर्थन करणाऱ्या एका गटाने त्याची चित्रफीत मिरवली. मार्चमध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जेक सुलिव्हन आणि ईपीएचे प्रमुख मायकल रेगन यांनी सर्व राज्यपालांना सहकार्याचे आवाहन करणारे पत्र लिहिले. नोव्हेंबरमध्ये ईपीएच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. मोठ्या शहरांच्या १,०६२ योजना बाहेरून न्याहाळल्यावर ९७ योजनांत गंभीर किंवा अतिगंभीर त्रुटी दिसल्या आणि त्या योजना सुमारे २ कोटी ६६ लाख लोकांना पाणी पुरवतात. त्याखेरीज २११ योजनांची दारे बाहेरून उघडी दिसत होती. म्हणजे प्रश्न गरीब खेड्यांपुरता नाही. लाखालाखांच्या वस्तीची शहरेही त्यात आहेत.

कुलूप कोणी बसवायचे?

या वादात एक पक्ष बराच काळ बाजूला राहिला: यंत्र बनवणारा. चारही अंक सारखे असलेला पासवर्ड घेऊन यंत्र बाजारात येते आणि तो बदलल्याशिवाय चालू होण्यास नकार देत नाही, यात गावाच्या कर्मचाऱ्याचा दोष किती? डिसेंबर २०२३ मध्ये युनिट्रॉनिक्सने नवी आवृत्ती काढली आणि पासवर्ड बदलणे भाग पाडले. हा बदल हल्ल्यानंतर काही आठवड्यांत होऊ शकला, यातच तो आधीही शक्य होता हे दिसते. सिसानेही त्याच महिन्यात सर्व उत्पादकांना ठरीव पासवर्ड देण्याची पद्धत बंद करण्याचे आवाहन केले. पण आवाहन म्हणजे आज्ञा नव्हे. कॅलिफोर्नियाने २०२० पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना वाजवी सुरक्षा वैशिष्ट्ये आवश्यक केली. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून ग्राहकोपयोगी उपकरणांत सर्वांना समान ठरीव पासवर्ड देण्यास मनाई केली. औद्योगिक नियंत्रकांसाठी असे संघराज्य पातळीवरचे बंधन अमेरिकेत नाही.

मदत अर्थातच उपलब्ध आहे. कोणत्याही पाणी योजनेने विनंती केल्यास तिची बाहेरून दिसणारी दारे सिसा नियमितपणे विनामूल्य तपासून देते. २०२४ मध्ये लास व्हेगासच्या 'डेफकॉन' परिषदेतून निघालेल्या 'फ्रँकलिन' उपक्रमात स्वयंसेवक तज्ज्ञ इंडियाना, ओरेगन, युटा आणि व्हरमाँटमधील निवडक छोट्या योजनांच्या मदतीला गेले. त्या उपक्रमात नॅशनल रूरल वॉटर असोसिएशन सहभागी आहे. म्हणजे नियमाला विरोध करणाऱ्या संघटनेचा कामाला विरोध नव्हता. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशननेही विजेच्या धर्तीवर पाणी क्षेत्राची मानके ठरवणारी स्वतंत्र संस्था स्थापण्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला आहे. ते विधेयक २०२४ मध्ये मांडले ते आर्कान्सासचे खासदार रिक क्रॉफर्ड यांनी, म्हणजे परिपत्रकाविरुद्ध न्यायालयात गेलेल्या तीन राज्यांपैकी एकाच्याच प्रतिनिधीने. येथे तडजोडीची वाट दिसते: मानके क्षेत्रातील जाणकारांनी लिहायची, अंमल सरकारने पाहायचा.

दरम्यान पाया मात्र खचतो आहे. २०२५ मध्ये सिसाच्या मनुष्यबळात मोठी कपात झाली. राज्ये आणि स्थानिक संस्थांना धोक्यांची माहिती पुरवणाऱ्या बहुराज्य केंद्राला मिळणारा संघराज्याचा निधी त्याच वर्षी सप्टेंबरअखेर संपला. सायबर हल्ल्यांची सक्तीने नोंद घेण्याचा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला, पण त्याची अंतिम नियमावली २०२६ वर ढकलली गेली. भारतात सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये सहा तासांत हल्ला कळवण्याचे बंधन घातले, तेव्हा त्यावर घाईचा आणि अतिरेकाचा आरोप झाला होता. अमेरिकेतील दिरंगाई हे त्याचे दुसरे टोक आहे. विनामूल्य तपासणीची योजना आहे, पण ती मागणाऱ्यालाच मिळते. आणि ज्याला आपले दार उघडे आहे हेच ठाऊक नाही, तो मागणार कसा?

पंचवीस घरांपलीकडचे प्रश्न

एडिसनपासून फ्रिमाँटपर्यंत पसरलेल्या मराठी घरांतील कितीतरी जण दिवसभर याच क्रमांकांच्या संगतीत काम करतात. कोणत्या पोर्टवर काय चालू आहे हे पाहणे, अनावश्यक ते बंद करणे, दुरून येणाऱ्याची दोनदा ओळख पटवणे, हे त्यांच्या कंपन्यांत इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर वेगळा विचारही होत नाही. ज्या नळाचे पाणी त्यांच्या घरी येते, त्यामागच्या यंत्रणेला मात्र ही शिस्त लागू असेलच असे नाही. पाणी प्राधिकरणाच्या मंडळाच्या बैठका बहुतेक गावांत खुल्या असतात आणि पाण्याच्या गुणवत्तेचा वार्षिक अहवाल घरोघरी पोहोचतो. ३,३०१ ते ४९,९९९ वस्तीच्या योजनांनी जोखमीचा फेरआढावा घेतल्याचे कळवण्याची मुदत ३० जून २०२६ आहे. आढावा झाला का, सिसाची विनामूल्य तपासणी मागितली का, पंपांचे नियंत्रक इंटरनेटवरून थेट दिसतात का, एवढे तीन प्रश्न सार्वजनिक बैठकीत विचारण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. तपशील सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येणार नाहीत, असे उत्तर मिळू शकते आणि ते रास्तही असेल. पण प्रश्नाची नोंद इतिवृत्तात होते, आणि पुढच्या अंदाजपत्रकात त्या कामासाठी रक्कम मागणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच नोंदीचा आधार मिळतो.

पोस्टेल यांच्या पिढीने क्रमांक वाटले ते परस्पर विश्वासावर. त्या विश्वासावर जगाचा व्यवहार उभा राहिला, ही त्यांची थोरवी. पण ज्या जाळ्यावर सगळे ओळखीचे होते ते जाळे राहिलेले नाही, आणि विश्वासाची जागा घेईल अशी जबाबदारीची वाटणी अद्याप झालेली नाही. ती होत नाही तोवर अलिक्विपासारख्या गावांची सुरक्षा पंप हाताने चालवता येणाऱ्या कर्मचाऱ्यांवरच अवलंबून राहील. त्या शनिवारी तसे कर्मचारी हजर होते. स्वयंचलित यंत्रणा जसजशा जुन्या होतील आणि हाताने काम जाणणारी माणसे निवृत्त होत जातील, तसतसा हा शेवटचा आधारही सर्वत्र मिळेल याची खात्री देता येणार नाही.